पान एकसष्ट

माझ्या आत्याच्या कादंबरीचं वाटोळं माझ्या बाबांनी केलं. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलंय, आता लिहूनही ठेवते.

आत्या पाणीखात्यात कारकून होती. तीस वर्षं तिने लोकांच्या नळाच्या तक्रारी लिहून घेतल्या आणि रद्द झालेल्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर कथा-कादंबऱ्या लिहिल्या. घरात तिच्या लेखनाला "तिचं ते" म्हणत. "तिचं ते आवरायला सांगा, पाहुणे येतायत." पाहुण्यांपुढे चहा न्यायला मात्र तीच लागायची.

सुचेल ते प्रकरण आधी लिहायचं, त्याला टाचणी लावायची आणि शेवटी सगळी प्रकरणं हव्या त्या क्रमाने फायलीच्या नाडीत ओवायची, अशी तिची रीत. आकडे कधी घालायची नाही. "दिवसभर आकडेच लिहिते, घरी तरी नकोत," म्हणायची.

या कादंबरीत एक शिंपीण लग्न होऊन घरात येते, बावीस वर्षं सगळ्यांचं उसवलेलं शिवते आणि एक दिवस आपलं हातमशीन उचलून निघून जाते. जाण्याचं प्रकरण आत्याने बरंच आधी लिहून टाकलं होतं, येण्याचं मात्र सगळ्यात शेवटी.

हस्तलिखित तयार झालं आणि नेमकं तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं. प्रकाशकाला घाई. बाबा निवृत्त हेडक्लार्क. "मी आहे ना, ताई," म्हणाले. त्यांनी नाडी सोडली, कागद उलटे केले, अर्जांवरचे वर्षागणिक वाढत गेलेले छापील नंबर पाहिले आणि प्रकरणं चढत्या क्रमाने लावून दिली! वाचून बघायची गरज त्यांना वाटली नाही. छापील पुस्तकात शिंपीण एकसष्टाव्या पानावर घर सोडून जात होती आणि शेवटच्या पानावर दार उघडून आत येत होती.

"नऊ वर्षं लागली रे मला तिला बाहेर काढायला," आत्या म्हणाली. "तू एका दुपारी परत आणून बसवलीस?"

"अगं, नंबर होते ना त्यावर!"

समीक्षकांनी तर कळस केला. एकाला त्यात स्त्रीची घराची ओढ दिसली, दुसऱ्याला काळाची धाडसी मोडतोड. उचलली जीभ लावली टाळ्याला! आत्या तीनदा प्रकाशकाकडे गेली, मी सोबत होते. पुढची आवृत्ती तरी नीट छापा, एवढंच तिचं मागणं.

"बाई, ती परत येते म्हणूनच लोकांना आवडलंय," तो म्हणाला. "बक्षीसही त्या शेवटालाच मिळतंय. आता कशाला हात लावता?"

लिहिणारी समोर बसलेली, आणि हा तिलाच तिचा शेवट शिकवतोय. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

बक्षीस समारंभात आत्याने चष्मा लावला. "पुस्तक आणलंय त्यांनी पान एकसष्ट उघडा," म्हणाली आणि ते पान सावकाश वाचलं. मग पुस्तक मिटलं. "कादंबरी इथे संपते. पुढे छापलंय ते सगळं याच्या आधीचं."

प्रकाशक हसला आणि टाळ्या वाजवू लागला. त्याचं बघून सगळं सभागृह वाजवू लागलं. कोणाला काही कळलं नव्हतं.

आत्या पायऱ्या उतरून सरळ दाराकडे निघाली. टेबलावरचं मानचिन्ह उचलून बाबा मागे धावले.

"ताई, अगं बक्षीस राहिलं!"

"परत आलेल्या बाईला मिळालंय ते," आत्या न थांबता म्हणाली. "ती तुझ्याकडेच आहे. तिलाच दे."