येळवशीला मागितलेला दगड

आमच्या घरात शोकेस आहे, पण तिच्यात कपबश्या नाहीत की बाहुल्या नाहीत. दगड आहेत. मुरूम गावात माझं पाण्याच्या जळलेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की लोक मला बोलावतात. विहिरीवर गेलं की काठाला खोदकामातल्या उपशाचा ढीग असतोच. सुरुंगानं काळा खडक फुटला की कधीकधी त्याच्या पोटात पोकळी निघते आणि तिच्या भिंतींना खडे लागलेले असतात. कुठं पांढरे, कुठं फिकट गुलाबी, एखादा हिरवट काचेसारखा. आमच्याकडं या सगळ्यांना सरसकट गार म्हणतात आणि पोरं ती आपटून फोडतात. मला या ढिगांचा नाद लागला तो लग्नाआधीच. मुलगा निर्व्यसनी आहे असं आपल्याला सांगण्यात आलं होतं, एवढंच बायको त्यावर म्हणते.

नाद असला तरी माझे नियम कडक होते. मालकाला विचारल्याशिवाय खडासुद्धा उचलायचा नाही. किल्ल्यातला, देवळातला, वनखात्याच्या जमिनीतला दगड नुसता बघायचा आणि पुढं चालायचं. बांधाचा दगड हलवायचा नाही. उकरलं तर बुजवायचं, कपच्या वेचून घ्यायच्या, नाहीतर त्या बैलाच्या खुरात जातात. विकायचा तर नाहीच नाही. हे सगळं मी कुणी न विचारताही सांगायचो. एकदा नळदुर्गच्या किल्ल्यात एक शहरी गृहस्थ बुरुजाच्या सांध्यात चाकू घालून काहीतरी उकरताना दिसला. त्याच्या बायकामुलांसमोर मी त्याला असा झापला की बिचारा गाडीत बसेपर्यंत वर बघेना. मग ढाब्यावर बसून मी स्वतःवरच खूश होऊन जास्तीचा एक चहा प्यायलो. आता तो चहा आठवला की कान गरम होतात.

कारण मालकाला विचारायचा नियम मी पाळत होतो खरा, पण विचारायचो येळवशीला.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्या भागात येळवस म्हणतात. त्या दिवशी गावं ओस पडतात आणि रानं माणसांनी भरतात. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडायचे, त्यांची पूजा करायची, निम्म्या कानडीत काहीतरी ओरडत पिकावर आंबील शिंपडायची आणि मग भज्जी म्हणजे मिसळीची भाजी, बाजरीचे उंडे, खीर असं पोट तुडुंब भरेपर्यंत जेवायचं. बोलावणं असो नसो, कुणीही कुणाच्याही शेतात जावं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाका मारून पंगतीला बसवतात. मीही शेतोशेत फिरायचो. प्रत्येक ठिकाणी चार घास खायचो, आंबील प्यायचो आणि हात धुता धुता ढिगाकडं बघून म्हणायचो, हा दगड नेला तर चालेल का? कुणी कधी नाही म्हणालं नाही. लोक किती मोठ्या मनाचे आहेत, असं मी घरी येऊन बायकोला सांगायचो. शोकेसमधले चांगले दगड जवळपास सगळे येळवशीचेच.

मागल्या येळवशीला आम्ही दोघं गावाबाहेरच्या एका शेतात जेवायला गेलो. त्यांच्या नव्या विहिरीवर मोटार मीच बसवली होती, म्हणून बोलावणं अगदी आग्रहाचं होतं. शेत नवराबायकोचं. तो फारसा बोलत नाही, कारभार सगळा बाईंच्या हातात. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, मला भाऊ म्हणतात आणि मी त्यांना ताई.

पाया पडायला खोपीत वाकलो तर पाच पांढऱ्या पांडवांच्या शेजारी, जरा अंतर ठेवून, एक सहावा दगड होता. त्याला चुना लावलेला नव्हता. नारळ फोडल्यासारखा एका बाजूनं उघडा, आणि आत हिरवट खड्यांची दाट रांग, कोपरेसुद्धा न उडालेली. कडब्याच्या फटीतून उन्हाची तिरीप नेमकी त्यावर येत होती. नमस्कार कुणाला केला ते मला आठवत नाही.

जेवताना माझं लक्ष पानात नव्हतं. बायका पलीकडं बसल्या होत्या, त्यांचं काहीतरी हळू आवाजात चाललं होतं. मी मात्र मनात वाक्य जुळवत होतो, आणि ते नियमात बसेल असंच जुळवत होतो. वाढायला ताई आल्या तेव्हा विचारलं, तो बाजूचा दगड पूजेतला तर नाही ना? त्या म्हणाल्या, पांडव पाचच असतात, तो असाच ठेवलाय. मग म्हटलं, असाच असेल तर मला द्याल का?

त्यांच्या हातातली पळी भज्जीच्या पातेल्यावर तशीच थांबली. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. तो ज्वारीकडं बघत होता. मग त्या हसल्या.

"न्या की भाऊ. दगडच तर हाय."

त्या खोपीत गेल्या, दगड पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला. पळी थांबलेली मी पाहिली होती. दिसली नाही असं म्हणायची सोय नाही, मी अगदी समोर बसलो होतो. तरी मी तो दगड दोन्ही हातांनी घेतला आणि वर आभार मानले.

गाडीवर बायकोनं तो मांडीवर धरला होता. वाटेत ती दोनदा गाडी हळू घ्या म्हणाली. मला वाटलं जेवण जड झालंय. घरी आल्यावर मी जुना ब्रश आणि पाणी घेऊन बसलो. खड्यांच्या बुडाशी पिवळं काहीतरी होतं. माती समजून घासत राहिलो, पण ती हळद होती. ती आत मुरली होती, निघेना.

"आता तेवढी तरी राहू द्या," बायको म्हणाली.

मग तिनं सांगितलं. विहीर खोदताना खाली उतरलेल्या माणसांनी भरून दिलेल्या टोपल्या ताई वर ओतत होत्या. पाणी लागेल ही आशा घरात सगळ्यांनी सोडली होती, दुसऱ्या दिवसापासून काम बंद करायचं ठरलं होतं. शेवटच्या टोपल्यांत हा दगड आला आणि तासाभरात तळाला ओल दिसली. तेव्हापासून त्या तो घरात देवापाशी ठेवतात आणि येळवशीला रानात आणतात. हे त्यांनी बायकोला सांगितलं होतं, मी पानावर बसून वाक्य जुळवत होतो तेव्हा.

मी चिडलो. आधी बायकोवर चिडलो, हे माझं नेहमीचंच. तुला ठाऊक होतं तर मला अडवलं का नाही? आणि त्यांचा जीव होता त्यात, तर त्यांनी नाही म्हणायचं. मी काय चोरून आणलाय? विचारूनच आणलाय ना?

"येळवशीला रानात आलेल्या माणसाला कोण न्हाय म्हणतंय?" ती म्हणाली. "तुमाला ठाऊक हाय ते. म्हणून तर तुमी त्याच दिवशी मागता."

मोटारीच्या कामासाठी मी वर्षभर याच लोकांच्या विहिरींवर जातो. साध्या दिवशी, कामाच्या घाईत, डोक्यावर ऊन असताना मी कधी कुणाकडं दगड मागितला नव्हता. का नव्हता, ते मला त्या क्षणी कळलं असं लिहिलं तर बरं दिसेल, पण ते खोटं आहे. मला आधीपासून कळत होतं. साध्या दिवशी लोक विचार करून उत्तर देतात. शोकेसकडं बघायची मला इतकी लाज वाटली की मी तिच्यावर चादर टाकली. बायकोनं सकाळी ती काढून धुवायला नेली.

ज्वारीची काढणी चालू होती तेव्हा टॉवेलात दगड गुंडाळून मी त्या शेतात गेलो. ताई ज्वारी उपटत होत्या. मी टॉवेल पुढं केला आणि म्हणालो, चुकलं माझं, हा तुमचा तुम्ही ठेवा. त्यांनी हाताची माती झटकली, पण हात पुढं केला नाही. येळवशीला दिलेलं माघारी घेत नसतात, म्हणाल्या. मी आग्रह केला, विनवणी केली. त्यांनी मला पाणी दिलं, बायकोची चौकशी केली. शेवटी न राहवून मी विचारलं.

"ताई, असा साध्या दिवशी येऊन मागितला असता, तर दिला असता का?"

त्यांनी जरा वेळ विचार केला.

"न्हाय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आज मागितला असता तर न्हाय म्हनले असते."

मग माझ्या चेहऱ्याचं काहीतरी झालं असावं, कारण त्याच माझी समजूत घालू लागल्या. ठेवा तुमच्याकडं, नीट सांभाळताय ते ठाऊक आहे, फक्त येळवशीला पूजेपुरता घेऊन येत जा. मी मान डोलावली. एवढं होऊनही समजूत घातली गेली ती माझीच.

यंदाच्या येळवशीला मी दगड घेऊन गेलो. ताईंनी हळदकुंकू वाहिलं, पांडवांच्या शेजारी त्याच्या जागेवर ठेवला. जेवण झालं, आंबील झाली. दगड तिथंच ठेवून निघायचं, हे मी आधीच ठरवून आलो होतो. बायकोला डोळ्यानं खुणावलं, कुणाचा निरोपही न घेता आम्ही बांधाबांधानं निघालो. गाडी लांब, रस्त्यावर लावली होती. मी चावी लावली तेवढ्यात मागून हाक आली. ताई तुरीच्या ओळींतून पळत येत होत्या. पदराखाली काहीतरी धरलं होतं. जवळ येऊन थांबल्या, दम लागला होता, आणि हसत होत्या, मनापासून.

"भाऊ, तुमचा दगड राहिला की," म्हणाल्या, आणि दोन्ही हात पुढं केले.

मी बायकोकडं बघितलं. ती दुसरीकडं बघत होती. येळवशीला नाही कसं म्हणणार? मी तो घेतला.