ट्रॉली ट्रॅक्टरला किती ओढते?

"सर, तुमच्या डिपार्टमेंटमध्ये बाजार भरलाय का?" प्राचार्य थेट माझ्या टेबलाशी आले.

आवाज बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा होता. तास शेख मॅडमचा. मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे दर सत्राला नेमणूक नव्याने. विभागप्रमुख म्हणून शिफारस माझी, सही प्राचार्यांची.

"असंच चाललं तर पुढच्या सत्राला दुसरं कोणी बघा."

"आधी दहा मिनिटं बसून बघू," मी म्हणालो आणि वही घेतली.

वर्गात दोघं मागच्या बाकावर बसलो. मॅडमनी मुलांसारखीच आम्हालाही अ, ब, क लिहिलेली कार्डं दिली. फळ्यावर नवा प्रश्न आला: जास्त जोरानं कोण ओढतं? अ, ट्रॅक्टर ट्रॉलीला. ब, ट्रॉली ट्रॅक्टरला. क, दोघं सारखंच. कार्ड डोळे मिटून दाखवायचं. सुरुवातीला सगळा वर्ग बारावीत पहिल्या आलेल्या मुलीचं बघूनच कार्ड काढायचा, म्हणून हा नियम.

बहुतेकांचं 'अ'. प्राचार्यांचंही.

मॅडमनी उत्तर सांगितलंच नाही. "आता शेजाऱ्याला पटवा." बाजार तो हाच.

मग त्यांनी दोन ताणकाटे, म्हणजे स्प्रिंगचे वजनकाटे, एकमेकांत अडकवून दोघांना ओढायला लावले. दोन्हींवर आकडा सारखाच. प्राचार्यांनी 'अ' हळूच खिशात टाकलं.

"मंग दोघं पुढं कायले जातात, मॅडम?" एक मुलगा उठला. "जागीच राह्यले पाह्यजे."

मॅडमनी प्रश्न वर्गाकडेच वळवला. मी उत्तर द्यायला उठणार होतो, त्यांनी हातानंच बसवलं.

आसेगावची पूजा उठली. "अबे, चिखलात काय होते? टायर जागीच फिरते. हुकात नाही, जोर जमिनीत हाय. टायर जमिनीले मागं ढकलते, जमीन ट्रॅक्टरले पुढं."

"तू चालवतं काय ट्रॅक्टर?"

"तुह्यापेक्षा सरळ चालवते."

वर्ग हसला. दुसऱ्या वेळी जवळजवळ सगळी कार्डं 'क'.

न्यूटनचा तिसरा नियम मी बावीस वर्षं डिक्टेट केला. मुलांनी तो पेपरात बिनचूक लिहिला. त्या मुलाचा प्रश्न मात्र मला कधी कुणी विचारला नाही.

बाहेर आल्यावर प्राचार्य म्हणाले, "सिलॅबस?"

"दोन तास मागे. भरून काढू."

"आणि आवाज?"

"तो राहील."

मी मॅडमच्या शिफारशीचा कागद पुढे केला. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. पेन काढताना खिशातून 'अ' खाली पडलं. मी उचलून दिलं.

वहीत नोंदी तीन. शिफारस: झाली. वर्गाचं दार: लावून घेणे. माझ्या उद्याच्या तासाला: ताणकाटे दोन, आणि तोंड बंद.