चिंचोक्याएवढा व्हॉल्व्ह

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी मेकॅनिकलची पदवी घेतली आणि पुण्यात एका संगणकाच्या कंपनीत लागलो. त्या वर्षांत सगळेच तिकडे लागत. धाकटी बहीण सदाशिव पेठेत माझ्याच खोलीवर राहून बी.ए. करत होती. कॉलेजात तिला एअर रायफलचा नाद लागला. वडिलांची अट साधी होती : जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर पुण्यात राहा, नाहीतर परीक्षा संपली की गावी ये.

निवडीला तीन आठवडे असताना तिची रायफल हवा सोडू लागली. सकाळी भरलेली हवा दुपारपर्यंत उतरायची आणि विसाव्या छऱ्यानंतर नेम खाली घसरायचा. नवा भाग परदेशातून यायला दोन महिने. तिच्या प्रशिक्षकांनी व्हॉल्व्ह काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"इंजिनिअर आहात ना आपण? मग बघा."

चिंचोक्याएवढा प्लॅस्टिकचा तुकडा. रायफलच्या टाकीच्या तोंडाशी पितळेच्या बैठकीवर घट्ट बसून हवा अडवून धरायची आणि चाप ओढला की ठोका बसून क्षणभर उघडायचं, एवढंच त्याचं काम. कडेवर ओरखडा होता. मला वाटलं, प्लॅस्टिक टिकलं नाही, तर पितळ लावू. मापांसकट चित्र काढून मी नाना पेठेतल्या लेथवाल्या चाचांकडे गेलो.

"पितळेच्या बैठकीवर पितळच?" चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोघंही हट्टी. हवा मधून निघून जाईल."

"पण मजबूत होईल ना, चाचा?"

"तुम्ही शिकलेले. देतो करून."

नेमबाजीच्या रेंजवर हवा भरताच फुसफूस सुरू झाली. शिवाय तो तुकडा जड; सावकाश उघडायचा, सावकाश मिटायचा आणि दर छऱ्याला जास्तीची हवा गिळायचा.

"दादा, याच्यापेक्षा सायकलचं पंक्चर बरं," बहीण म्हणाली.

तरी मी शहाणा झालो नाही. पुढच्या खेपेला रबर लावायला सांगितलं. हवा अजिबात गळेना, पण रबर ठोकाच पिऊन टाकायचं. एक छर्रा वर, एक खाली. बहिणीनं रायफल पुसून पेटीत ठेवली, ते जास्त लागलं.

निवडीला चार दिवस राहिले, तेव्हा मी चाचांसमोर चित्र न नेता उभा राहिलो. "तुम्हीच सांगा."

"आत्ता विचारलंत," म्हणत त्यांनी बाकाखालून पांढरी कांडी काढली. कारखान्यांतली दातेरी चाकं करतात तसलं कडक प्लॅस्टिक. "हे बैठकीपुरतं दबतं, रबरासारखं पसरत नाही. वजनालाही हलकं." लेथवर कातून झाल्यावर त्यांनी कड बोटानं तीनदा तपासली. माझ्या पदवीत त्या बोटाचा विषय नव्हता.

रेंजवर आम्ही व्हॉल्व्हवर साबणाचा फेस लावून पाहिला. एकही बुडबुडा नाही.

निवडीच्या दिवशी मी तिच्या निशाण्याकडे पाहूच शकलो नाही. चाळीस छर्रे झाल्यावरच मान वर केली. शेवटचे दहाही पहिल्या दहांसारखेच एकमेकांना चिकटून बसले होते आणि दाबाच्या काट्यावर अजून हवा शिल्लक होती.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी घरी फोन लावला.

"कितवी आली?" वडिलांनी विचारलं.

"चौथी. चौघींना घेतलं, अप्पा."

ते म्हणाले, "तिची जाड गोधडी इथंच राहिलीय. उद्याच्या एस्टीनं पाठवतो. थंडी सुरू होईल आता तिकडं."