मधातल्या बैठका

सकाळच्या व्यायामाने आमच्या अंगावर किती मांस चढलं, ते विचारू नका. किस्से मात्र भरपूर चढले! चार माणसं रोज पहाटे एका जागी जमली की असं होतंच. अर्धवट झोपेत माणूस वेडेपणा जास्त करतो. हसण्याजोगे किस्से आधी सांगतो. बाकीचे मागाहून.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. मी पुसदला कचेरीत कारकून. आमचे म्होरके घोटेकर मास्तर. शाळेत ड्रिल शिकवायचे. शिवाय एक वकीलसाहेब, दवाखान्यातले जाडजूड बाबाराव कंपाउंडर आणि तांड्यावरून सायकल हाणत येणारा हरसिंग. पहाटे पूस नदीच्या काठी जमायचं. मास्तरांचा नियम एकच. जो येणार नाही, त्याच्या अंगणात जाऊन सगळ्यांनी वीस बैठका मारायच्या, मोठमोठ्याने मोजत. लाजेने माणूस बाहेर येतोच!

*

एकदा वकीलसाहेब आले नाहीत. आमची फौज त्यांच्या अंगणात. ओट्यावर एक म्हातारा पक्षकार झोपला होता. कोर्टाच्या तारखेसाठी आदल्या दिवशीच खेड्यावरून आलेला. तो दचकून उठला, आमच्याकडे बघितलं, धोतर खोचलं आणि मुकाट्याने रांगेत येऊन बैठका मारायला लागला.

वकीलसाहेब धावत बाहेर आले. "बाबा, तुम्ही काहून?"

म्हातारा धापा टाकत म्हणाला, "मले वाटलं, निकालाच्या आंधी माराव्याच लागते!"

पुढे तो खटला हरला. आम्ही खूप दिवस हसत होतो, पण त्याचा चेहरा आठवला की हसू अर्ध्यातच अडायचं.

*

बाबाराव व्यायाम संपला की थेट हॉटेलात. समोर आलूबोंड्यांची प्लेट.

हरसिंग म्हणाला, "बाबाराव, कायले येता तुम्ही नदीवर? पोट तं जागच्या जागी हाय!"

"फायदा होऊन राह्यला ना बे! पयले चार खाल्ले की जळजळ व्हायची, आता आठ पचते!"

*

मास्तर अख्ख्या गावाला सांगायचे, "सकायची हवा छातीत भरा, डॉक्टर उपाशी मरन!" आणि त्यांच्याच घरात वहिनींना क्षय निघाला. मला ही गोष्ट आजही अन्यायाची वाटते. बाबाराव रोज जाऊन सुई टोचून यायचे. शेजारपाजारच्यांनी मास्तरांच्या घरचा चहा बंद केला.

मग एक दिवस मास्तरच नदीवर आले नाहीत! आम्ही त्यांच्या अंगणात गेलो. खिडकीत वहिनी शाल पांघरून बसलेल्या. आमचा अवतार बघून त्या खोकला येईपर्यंत हसल्या, आणि म्हणाल्या, "थांबा, मी मोजते."

त्यानंतर मास्तर वरचेवर गैरहजर राहायला लागले. वकीलसाहेब चिडले, "म्होरक्याच झोपतो म्हणजे काय?"

हरसिंग हळूच म्हणाला, "झोपत नाई ते. दाराआड उभे असते, वहिनीचं हसनं आयकत. मी पाह्यलं."

मग आम्ही नदीवर जाणंच सोडलं. उठायचं ते थेट मास्तरांच्या अंगणात.

*

तेराव्या बैठकीला बाबारावांचा दम जायचा. ते वहिनींना खिडकीतून नेमकं दिसायचं.

"बारा, तेरा..." म्हणत त्या एकदम, "एकोणीस, वीस! झाल्या!"

मास्तर ओरडायचे, "अवं, मधातल्या कुठी गेल्या?"

"त्या म्या मारल्या! बिमार माणसालेबी हिस्सा पायजे ना!"

बाबाराव तिथेच बसकण मारायचे आणि खिडकीकडे बघून हात जोडायचे.

*

हिवाळ्यात वहिनींचं जास्त झालं. त्याच सुमारास शाळेत 'सकाळच्या व्यायामाचे फायदे' या विषयावर मास्तरांचं भाषण होतं. ते उभे राहिले. म्हणाले, "मुलांनो, सकाळी लवकर उठावं." मग हातातला कागद घडी करून खिशात घातला. "बाकी मले काही माहीत नाही." आणि बसले. पोरांनी सवयीने टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्यांचा फार राग आला.

*

वहिनी गेल्या. तेरावं उरकल्यावर आम्ही नदीवर जमलो. मास्तर आले नाहीत.

"जायचं का?" मी विचारलं.

"आता कुठी जाता? राहू द्या त्यायले," हरसिंग म्हणाला.

वकीलसाहेब म्हणाले, "नियम त्यांचाच आहे."

गेलो. खिडकी बंद होती. रांगेत उभं राहून आम्ही सुरुवात केली. मोजणं हे वहिनींचं काम. कोणाच्या तोंडून आकडा निघेना. आकडा नाही, म्हणून थांबावं कधी तेही कळेना. बाबाराव घामाने निथळत होते, पण बसायला तयार नव्हते.

आतून खिडकी उघडली. मग दार उघडून मास्तर बाहेर आले. दाढी वाढलेली, अंगात बंडी. येऊन बाबारावांच्या शेजारी उभे राहिले.

"एक," ते म्हणाले.

आम्ही त्यांच्याबरोबर पहिल्यापासून सुरू झालो. मास्तरांचा आवाज ड्रिलच्या मैदानावर असायचा तसाच खणखणीत.

"बारा. तेरा."

ते थांबले. बाबारावांकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं.

"एकोणीस," मास्तर म्हणाले.