दिवेलागणीची झोप

“मॅडम, ही रोज दिवेलागणीलेच झोपते. घरात लक्ष्मी टिकंन कशी?” सासूबाईंनी फाईल माझ्या टेबलावर सरकवली. त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या आरतीला घर पाहुण्यांनी भरलं होतं आणि सून वैशाली भिंतीला टेकून झोपली, ही मुख्य तक्रार. गोळीने सुधारली तर ठीक, नाहीतर माहेरी पाठवायचं ठरलं होतं.

वैशाली मांडीवर छोट्या मुलीला घेऊन बसली होती. नवरा, प्रशांत, दाराजवळ उभा. रामदासपेठेतल्या माझ्या क्लिनिकमध्ये झोपेचे पेशंट यायचे. आधीच्या डॉक्टरांनी तिला डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या होत्या. मला ती उदास वाटली नाही. मी विचारलं, उठतेस कधी?

“तीनला. आपोआपच जाग येते. आमच्या महाल भागात नळ पहाटेच येतात, मग पाणी भरून घेते.”

सासूबाईंना हे ठाऊक होतं का?

“माहीत काहून नसंन? बाईनं उठाचंच असते. त्यात काय सांगाचं?”

म्हणजे झोप पुरेशी होती, फक्त आधी येत होती. आपल्या शरीरात एक घड्याळ असतं. काहींचं बरंच पुढे धावतं. काही घराण्यांत हे जीनमधून येतं. आई किंवा वडील, एकाकडून आलं तरी पुरतं.

म्हणून मी तिच्या वडिलांना काटोलहून बोलावलं. ते ताठ बसून सांगू लागले.

“आमच्या घरी समदे कोंबड्याच्या आधी उठते. माझा बापही तसाच. गावात नाव आहे आमचं.”

“आणि संध्याकाळी?”

“दिवस बुडाला का जेवून आडवे. जागून काय कराचं?”

मी पेडिग्री काढली, म्हणजे घराण्याचा नकाशा. पुरुष चौकोन, बाई गोल, लक्षण असेल तर काळा. तीन पिढ्या काळ्या झाल्या. “माझा चौकोन जरा मोठा काढा,” वडील म्हणाले.

सासूबाईंचं लक्ष नातीकडे गेलं. “म्हंजे हिलेही?”

“असू शकतं. निम्मी शक्यता.”

त्यांनी नातीला उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

प्रशांतला जीनची टेस्ट हवी होती. काही सापडेलच असं नाही आणि उपचारही बदलणार नाही, हे मी सांगितलं होतं. रिपोर्ट कोरा आला. सासूबाई म्हणाल्या, काहीच नाही निघालं. मी म्हटलं, जे जीन आम्ही ओळखतो त्यांत नाही निघालं. झोप तर तुम्ही रोज पाहता.

संध्याकाळी लख्ख उजेडात बसायचं आणि पहाटे दिवे मंद ठेवायचे, एवढाच उपचार. त्याने झोप थोडी उशिरा येऊ लागली, फार नाही. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला.

“संध्याकाळचा दिवा मी लावीन. पाणी तिच्याकडंच राहू द्या.”

वैशाली सासरीच राहिली. पुढच्या वर्षी महालक्ष्म्यांची आरती दिवस बुडायच्या आधीच झाली, वैशाली आणि नात दोघी जाग्या असताना.

पेशंट झोपतो कधी हे नातेवाईक न विचारता सांगतात. उठतो कधी, हे डॉक्टरलाच विचारावं लागतं.