नारळाच्या पाण्यात वाहिलेला कडा

“भाऊ, अहो कडा चालला वाहून,” दाजी ओरडत होते, आणि त्यांच्याहून मोठ्यानं आई, “आधी आरती पुरी होऊ द्या, जावईबापू.”

दाजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान आणि गिर्यारोहणात दोरावरचे माझे जोडीदार. नाशिकच्या आमच्या घरात मोहिमेआधी दोर, हेल्मेटं देवघरापुढे मांडायची, सप्तशृंगीला नारळ फोडायचा आणि ते पाणी सामानावर शिंपडायचं, ही आईची शिस्त. माझी श्रद्धा विचाराल तर खोबऱ्यापुरती. त्या दिवशी दोरांवर कड्याचा फोटोही ठेवला होता. हिमाचलातल्या एका आडदरीतला, आजवर कुणीच न चढलेला कडा. सांगताना दर वेळी मी त्याची उंची थोडी वाढवायचो. एव्हाना तो ढगांच्या वर गेला होता. त्याच्या बरोबर मधून मी चढाईच्या वाटेची लाल रेघ मारलेली. पुढे चढणार दाजी, तंबू त्याच्याच पायथ्याला. “तुझ्या नवऱ्याला जिना चढवल्यासारखा नेतो,” असं बहिणीला छातीठोकपणे सांगितलेलं. ती हसली नव्हती. खरं म्हणजे त्या मधल्या भागाकडे फार वेळ पाहायचं मी स्वतःच टाळायचो. पण इतक्या बढाया मारल्यावर वाट बदलायची कशी?

आईनं नारळ असा आपटला की निम्मं पाणी फोटोवर. घरच्या प्रिंटरची शाई ती. आकाश, कडा, माझी रेघ, सगळं एकमेकांत मिसळून दाजींच्या पायाशी आलं. मूळ फोटो जुन्या मोबाइलमध्ये, आणि तो मोबाइल गोदावरीच्या रामकुंडात पडलेला. अस्थींच्या आधी मोबाइल विसर्जित करणारा आमच्या घराण्यात मी पहिलाच.

फोटोशिवाय आखणी कसली? तो पाठवणाऱ्या, तिथल्याच गावातल्या होमस्टेवाल्या काकांना फोन केला. त्यांच्याकडेही जुना उरला नव्हता. म्हणाले, पुन्हा काढून पाठवतो. काही दिवसांनी आला तेव्हा मी दूध आणायला निघालो होतो, दारातच बसलो. कड्याचा मधला भाग नव्हताच. साल सोलावी तसा निघून गेलेला, आत पांढराफटक दगड. आम्ही तंबूंसाठी ठरवलेल्या जागी टेम्पोएवढे धोंडे.

माझ्या गोष्टीतून निम्मं वजा करून घ्या, असं मित्र नव्या माणसाला बजावतात. यातलं काही वजा करू नका. देवीनं कडा पाडला की आम्हाला अडवलं, हे मी कुणाला पटवायला जाणार नाही. फोटो भिजला नसता तर आम्ही नवा मागवला नसता, एवढंच मला माहीत आहे. बहिणीनं मोबाइल देवीपुढे ठेवला आणि डोकं टेकवलं. मागे उभ्या उभ्या माझे हात कधी जोडले गेले, कळलं नाही. दोरावर आपण सगळा भार कड्यातल्या खिळ्यावर टाकतो, कारण तो आपण ठोकलेला असतो. आपण न ठोकलेलंही काही आपल्याला धरून असतं, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आलं.

“दादा, या वेळी रेघ ह्यांना मारू दे,” बहीण म्हणाली. नवा फोटो छापून मी पेन दाजींना दिलं. दाजींनी डावीकडची धार धरली, तंबू लांब ओढ्यापलीकडे.

तरी माझा ठोकून बघायचा स्वभाव जातो कुठे? हळूच काकांना फोन लावून विचारलं, डावी बाजू पक्की आहे ना?

“अभी तो खडी है, जी.”