रुमालाखालचा हात

हे मी कधीच कुणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही नीट कळलेलं नाही.

मी बैलांचा व्यापारी, चौसाळ्याचा. दावणीला एक खोंड नसताना सुरुवात केली, आष्टीच्या बाजारात नाव केलं. आमच्या सौद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा, खाली बोटं दाबून आकडा सांगायचा. हातच आमचं दुकान.

ते दुकानच बंद पडायची वेळ माझ्यावर आली होती. गोचिडाचं औषध उघड्या हातानं चोळून चोळून तळवे फुटले — खाज, आग, भेगा. बीडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे दुसऱ्याला लागत नाही. पण साबण तोडा, साध्या पाण्यानं धुवा, लगेच मलम लावा. औषध चोळताना आतून सुती, वरून रबरी मोजे घाला. ऐकलं. समूळ गेलं नाही, पण ताब्यात आलं.

किसन माझ्यापेक्षा लहान व्यापारी. माझी ठरलेली एक बैलजोडी त्यानं जास्त भाव देऊन मधेच पळवली होती — आठवलं की अजून डोकं तापतं. पुढं एका सौद्यात रुमालाखाली त्याचा हात लागला. खरखरीत, भेगाळलेला. मी ओळखला — कसा नाही ओळखणार? तरी हात झटकून गिऱ्हाइकांदेखत ओरडलो, "काय झालंय बे तुला? आमाला बी देतो काय?" लोक हसले. मग त्याच्या रुमालाखाली कुणी हात घालेना.

रागात माणूस बोलून जातो, म्हणाल. पण सांगायचं आहे ते पुढंच.

एक दिवस किसन माझ्या घरी आला. "तात्या, तुमचे बी हात असेच झालते. रुमालाखाली कळलं व्हतं मला. कुणाला बोललो न्हाई. कशानं बरे झाले?"

त्या दिवशी मला राग नव्हता. शांतपणे म्हणालो, "कपड्याच्या साबणानं घास. दिवसातून चारदा."

त्यानं विश्वास ठेवला. बाजारात आला की आधी हौदावर जाऊन हात घासायचा, मग गिऱ्हाइकांपुढं धरायचा — "बगा, साफ हाय." भेगांतून रक्त यायचं. चार बाजार मी ते बघितलं. एक शब्द पुरला असता — बोललो का?

पाचव्या बाजाराला तो आला नाही, नंतरही नाही. त्याची जागा लिंबाच्या सावलीची, मोक्याची. मी माझे बैल तिथं बांधले. अजून तिथंच बांधतो.